पोवाड्यातली तलवार

सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते, घाट उतरून पोलादपूरला येते, महाडला गांधारीला सोबत घेते आणि दासगावच्या पुढे रुंद खाडी होऊन समुद्राला मिळते. खाडीच्या दक्षिणेला बाणकोट, उत्तरेला हरिहरेश्वर. नदी लहानच, पण मराठी पोवाड्याच्या सगळ्यात जुन्या आठवणी तिच्या आसपास रेंगाळत आहेत. वरच्या डोंगरात प्रतापगड आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी त्याच्या पायथ्याशी अफझलखान मारला गेला. पोलादपूरजवळ उमरठे आहे, तानाजी मालुसऱ्यांचे गाव. ४ फेब्रुवारी १६७० च्या पहाटेआधी ते सिंहगडावर पडले. आणि महाडच्या वर रायगड.

अफझलखानाच्या वधावर अज्ञानदासाने रचलेला पोवाडा हा आज हाती असलेला सर्वांत जुना पोवाडा मानतात. काही त्याला अगिनदास म्हणतात. जिजाबाईंच्या सांगण्यावरून तो रचला आणि शाहिराला घोडा व सोन्याचा तोडा मिळाला, असे परंपरा सांगते. तानाजीचा पोवाडा तुळशीदासाचा. तो लांबलचक आहे, त्यात मुलाचे लग्न बाजूला ठेवून निघालेला बाप आहे, म्हातारा शेलारमामा आहे, कडा चढणारी घोरपड आहे, आणि शेवटाकडे येता येता मुडद्यांचा खच आहे.

दोन्ही पोवाड्यांत रक्त आहे, आणि ते आडून सांगितलेले नाही. वाघनखे कुठे रुतली, वार कुठून कुठे गेला, कोण कसा कोसळला, हे शाहीर हाताच्या खुणांनी दाखवतो. गावात जागरण-गोंधळ असला की गोंधळी संबळ वाजवी, तुणतुणेवाला सूर धरी, दिवटीच्या उजेडात कुणबी, कोळी, आगरी बायाबापड्या मांडी घालून बसत आणि खान मेला की झीलकऱ्यांबरोबर ओरडत. लहान पोरेही तिथेच असत. दोनशे वर्षे कुणालाही हे ऐकणे घातक वाटले नाही.

जुन्या लोकप्रिय गाण्यांत हिंसा असेल तर त्यांवर बंदी घालावी का, हा प्रश्न अधूनमधून नव्याने विचारला जातो, आणि विचारणारा आपण काही नवीन विचारतो आहोत अशा थाटात विचारतो. आमच्या भागाला हा प्रश्न नवा नाही. तो इथे सव्वाशे वर्षांपूर्वी विचारला गेला, कोर्टात विचारला गेला, आणि त्याचे उत्तर म्हणून माणसे काळ्या पाण्यावर गेली. ती हकीकत नीट सांगायला हवी, कारण तिच्यात दोन्ही बाजूंना अडचणीचे असे बरेच काही आहे.

हकीकतीची सुरुवात एका इंग्रज अधिकाऱ्यापासून करावी लागते. हॅरी आर्बथनॉट ॲक्वर्थ हे १८९० ते १८९५ या काळात मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. रस्त्यावर बेवारस फिरणाऱ्या महारोग्यांसाठी त्यांनी माटुंग्याला आश्रम उभारला. वडाळ्याच्या ॲक्वर्थ रुग्णालयाला त्यांचेच नाव आहे. या माणसाला पोवाड्यांचे वेड होते. गोंधळ्यांच्या तोंडून ऐकलेले, जुन्या बाडांत सापडलेले पोवाडे त्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साथीने गोळा केले आणि १८९१ मध्ये ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हा ग्रंथ छापून निघाला. आज आपण ज्याला जुना मराठी पोवाडा म्हणतो त्यातला मोठा भाग या एका पुस्तकामुळे वाचला. अज्ञानदास त्यात आहे, तुळशीदासही आहे. तीन वर्षांनी, १८९४ मध्ये, निवडक पोवाड्यांचे इंग्रजी पद्यात भाषांतर करून ॲक्वर्थ यांनी ते लंडनमध्ये प्रसिद्ध केले. त्यात खानाचा वध होता आणि सिंहगडही होता.

इंग्रज वाचकाला यात वावगे वाटण्याचे कारण नव्हते. वॉल्टर स्कॉटने १८०२ मध्ये स्कॉटलंडच्या सरहद्दीवरची जुनी गाणी गोळा करून छापली होती. त्यांत गुरांची लूट आहे, सूड आहेत, भावाने भावाला मारल्याच्या कथा आहेत. ती गाणी गाणाऱ्यांचे नातू आता एडिंबरोच्या कचेऱ्यांत कारकून होते, आणि जुनी भांडणे दिवाणखान्यात वाचायच्या लायकीची झाली होती. मराठ्यांचेही तसेच झाले आहे असे ॲक्वर्थ यांच्या पिढीने धरून चालले. रायगड १० मे १८१८ ला इंग्रजांच्या तोफांपुढे पडला होता, वाडे जळाले होते, शिवाजी महाराजांच्या समाधीभोवती गवत वाढले होते. मोडलेल्या गडाच्या गाण्याची भीती कुणाला वाटणार?

खरे तर वाटायला हवी होती. याच कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातल्या पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके. १८७९ च्या मे महिन्यात त्यांच्या बंडातल्या दौलतराव नाईकाच्या टोळीने पळस्पे आणि चिखले या गावांवर दरोडे घातले होते, आणि तो पैसा लढाईसाठी हवा होता. त्या घटनेला ॲक्वर्थ यांचा ग्रंथ निघाला तेव्हा बाराच वर्षे झाली होती. पण फडके एडनच्या तुरुंगात १८८३ मध्ये वारले आणि पोवाड्यांचा आणि बंडाचा काही संबंध असू शकतो हे कुणाच्या मनात आले नाही.

तो संबंध रायगडावर जुळला. ३० मे १८९५ रोजी पुण्याच्या हिराबागेत सभा झाली आणि महाराजांच्या समाधीसाठी निधी जमवायचे ठरले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये रायगडावर पहिला शिवाजी उत्सव झाला. त्या काळी महाडपर्यंत येणे हेच दिव्य होते. घाटावरून आलेला घाट उतरून येई, मुंबईकडच्याला बाणकोटच्या खाडीतून दासगावपर्यंत पाण्याचा मार्ग होता, आणि पुढे पाचाडपासून गड पायांनीच चढायचा. असा घाम गाळून वर आलेली माणसे समाधीपुढे बसली आणि त्यांनी कथा, कीर्तन, पोवाडे ऐकले.

शब्द तेच होते. तोच खान, तेच वाघनख. पण ऐकणारा बदलला होता. दिवटीच्या उजेडातल्या कुणब्याच्या जोडीला आता वकील, शिक्षक, कॉलेजातले विद्यार्थी, वर्तमानपत्राचे बातमीदार येऊन बसले. त्याहीपेक्षा मोठी गोष्ट ही की ऐकणाऱ्याने मनात खानाच्या जागी दुसरे कुणी उभे केले. शाहिराला त्यासाठी एक अक्षर बदलावे लागले नाही.

पुढचे वर्ष १८९७. पुण्यात प्लेग, प्लेग अधिकारी रँडची घरझडती, सोजिरांचा उपद्रव. त्या जूनमध्ये पुण्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला. व्याख्यानांत अफझलखानाच्या वधाची चर्चा झाली, तो वध योग्य की अयोग्य यावर टिळक आणि इतर वक्ते बोलले, आणि १५ जूनच्या ‘केसरी’त तो वृत्तांत आला. त्याच काळात ‘शिवाजीचे उद्गार’ नावाची एक कविताही छापून आली. खाली कवीचे नाव नव्हते, भवानी तलवारीची खूण होती. २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाहून परतताना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांना गोळ्या घातल्या. २७ जुलैला टिळकांना मुंबईत अटक झाली.

त्या खटल्यात कटाचा आरोप नव्हता. आरोप लिखाणाचा होता: एक कविता आणि एक वृत्तांत. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे दिवसचे दिवस मराठी शब्दांचा कीस पडला. भाषांतरकाराने या शब्दाला अमुक इंग्रजी शब्द का घातला, तमुक का नाही, यावर उलटतपासण्या झाल्या. कविता पाहिली तर तिच्यात तलवारीपेक्षा विलाप जास्त आहे. महाराज जागे होऊन आपल्या देशाची दैना पाहतात, दारिद्र्य पाहतात, गोऱ्यांनी मारलेल्या गरिबांच्या खटल्यांत गोरे सुटलेले पाहतात. रक्त होते ते खानाच्या चर्चेत, आणि ते अडीचशे वर्षांपूर्वी सांडलेले होते. स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितले की सरकारबद्दल अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. असा अर्थ लावल्यावर कुठला पोवाडा निर्दोष ठरणार? नऊ जणांच्या ज्युरीत सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तीन हिंदी गृहस्थांनी निर्दोष. १४ सप्टेंबरला अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. दुसऱ्याच वर्षी, १८९८ मध्ये, राजद्रोहाचे १२४-अ कलम अधिक रुंद करण्यात आले आणि दोन समाजांत वैर पसरवण्याचे १५३-अ हे कलम नव्याने आले. ही दोन्ही कलमे पुढे शंभराहून अधिक वर्षे आपल्या कायद्यात राहिली. त्यांचा तो आकार पुण्याच्या त्या एका पावसाळ्यातून आला, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते.

दामोदर चापेकरांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी दिले. त्यांनीही श्लोक रचले होते, गणपतीसमोर आणि शिवाजी उत्सवात म्हणायचे. त्यात मात्र विलाप नव्हता. नुसती गाथा गाऊन स्वातंत्र्य मिळत नाही, हातात शस्त्र घ्या, असा त्यांचा उघड रोख होता. मी हे मुद्दाम लिहितो आहे. पोवाडे म्हणजे निरुपद्रवी करमणूक, आणि भित्र्या सरकारला उगाच त्यात बंड दिसले, असे म्हटले की लेख सोपा होतो, पण ते खरे नाही. चापेकरांनी श्लोक म्हटले आणि मग पिस्तुल झाडले.

तिसरी जागा नाशिक. १ जानेवारी १९०० ला तिथे मित्रमेळा सुरू झाला. तिळभांडेश्वराच्या गल्लीत राहणारे गोविंद त्र्यंबक दरेकर, लोक त्यांना आबा म्हणत, पायांनी अधू होते. या माणसाला घराबाहेर पडणे जड जाई. त्यांची पदे मात्र गावोगावच्या उत्सवांत पोचली. विनायक दामोदर सावरकरांनी सिंहगडावर आणि बाजीप्रभूंवर पोवाडे रचले. तुळशीदासाने गायलेला उमरठ्याचा तानाजी आता नव्या चालीत, नव्या शब्दांत, मिशा न फुटलेल्या पोरांच्या मेळ्यात उभा राहिला. सरकारने सावरकरांचा सिंहगडाचा पोवाडा जप्त केला. तुळशीदासाचा सिंहगड मात्र ॲक्वर्थ यांच्या ग्रंथात, सरकारी अधिकाऱ्याच्या नावाखाली, ग्रंथालयांच्या कपाटांत निर्धास्त उभा होता. तोच गड, तोच वीर, तीच रात्र.

बाबारावांनी, म्हणजे गणेश दामोदर सावरकरांनी, ‘लघु अभिनव भारतमाला’ या नावाने पदांचे एक लहान पुस्तक छापले. १९०९ च्या फेब्रुवारीअखेर त्यांना अटक झाली. कलेक्टर जॅक्सन यांनी त्यांना सेशन्सकडे पाठवले आणि जूनमध्ये नाशिकच्या सेशन्स कोर्टाने शिक्षा दिली: जन्मठेप काळे पाणी आणि मालमत्ता जप्त. कलम नुसते राजद्रोहाचे नव्हते. बादशहाविरुद्ध युद्ध पुकारण्यास चिथावणी दिल्याचे १२१ वे कलम होते, आणि पुरावा म्हणून त्या पुस्तकातली चार पदे पुढे ठेवली होती. एवढ्याशा पुस्तकासाठी एक माणूस अंदमानात गेला आणि वर्षानुवर्षे कोलू ओढत राहिला.

अपील हायकोर्टात गेले. निकाल देणाऱ्या दोन न्यायमूर्तींत नारायण गणेश चंदावरकर होते. ते प्रार्थना समाजाचे पुढारी, १९०० च्या लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष, आणि मराठी जाणणारे. त्यांना भाषांतरकाराची गरज नव्हती. त्यांनी पदे मुळातून वाचली आणि निकालात आशय असा मांडला: यात देवांची नावे आहेत, शिवाजीसारख्या वीरांची नावे आहेत, पण ती नावे निमित्तमात्र आहेत, खरा उपदेश आजचे परके सरकार तलवारीने उलथून टाका हा आहे. नोव्हेंबर १९०९ मध्ये शिक्षा कायम झाली.

या निकालापाशी मी पुष्कळदा अडखळतो. शिक्षा क्रूर होती, यात शंका नाही. पण चंदावरकरांनी पदे चुकीची वाचली असे मला म्हणता येत नाही. कवीला जे म्हणायचे होते तेच त्यांनी वाचले. गोविंद दरेकरांना आणि सावरकर बंधूंनाही ते नाकारण्यात रस नसावा. रूपक कुणाला कळलेच नसते तर ते लिहिण्यात अर्थ काय? आणि २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, देवलांचे ‘शारदा’ नाटक सुरू होण्याच्या बेतात असताना, अनंत कान्हेरे नावाच्या कोवळ्या तरुणाने जॅक्सनला गोळ्या घातल्या. बाबारावांच्या शिक्षेचा सूड हे त्यातले एक कारण होते. पदांना शिक्षा झाली म्हणून खून झाला. मग त्या पदांनी खून केला, की त्या शिक्षेने? कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्यात फाशी दिले, तेव्हाही हा प्रश्न उघडाच राहिला.

आर्थर जॅक्सन यांच्याबद्दल इथे चार ओळी जास्त लिहायलाच हव्यात, कारण ते आमच्या किनाऱ्याचे देणेकरी नाहीत, धनको आहेत. ते संस्कृतचे जाणकार होते. लोक त्यांना पंडित जॅक्सन म्हणत. गुजरात आणि कोकणातल्या चालीरीती, देवदेवस्की, भुतेखेते, शेताचे आणि समुद्राचे विधी यांची माहिती त्यांनी गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्न पाठवून मिळवली होती. आमच्या कुलाबा जिल्ह्यातल्या मास्तरांनीही उत्तरे लिहून धाडली. जॅक्सन यांच्या मृत्यूनंतर एन्थोवेन यांनी ती सामग्री संपादित केली. कोकणचा खंड १९१५ मध्ये निघाला. शंभर वर्षांपूर्वीचा कोळी होडी पाण्यात लोटताना काय करी, शिमग्याला काय होई, हे शोधायला आजही मी त्याच खंडाकडे वळतो. लोकांचे बोलणे इतक्या मायेने टिपून ठेवणारा अधिकारी आणि चार पदांसाठी माणसाला सेशन्सकडे पाठवणारा अधिकारी एकच होता. त्याला दोन्ही कामे एकाच नोकरीचा भाग वाटली असणार.

त्यानंतर बंदीहुकमांचा पाऊस पडला. जानेवारी १९१० मध्ये खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर, १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली. महाभारतातला भीम महाभारतातल्या कीचकाला मारतो, एवढीच गोष्ट. पण कीचकात लॉर्ड कर्झन दिसत होता आणि १९०७ पासून नाटक तुडुंब चालत होते. फेब्रुवारीत नवा प्रेस ॲक्ट आला. मेळ्यांच्या पदांवर पोलिसांची नजर बसली, पुस्तके जप्त झाली, घरे धुंडाळली गेली.

बंदीने काय साधले? छापखाने दबले, हे खरे. पण पोवाडा कागदावर जगत नाही. तो गळ्यात राहतो, आणि गळ्याची झडती घेता येत नाही. जी पदे शे-दोनशे लोकांनी विकत घेतली असती ती पाठ करून म्हणण्याला आता शपथेसारखे वजन आले. आणि सर्वांत नवलाची गोष्ट सरकारनेच केली. १९१८ मध्ये रौलट समितीचा अहवाल आला. क्रांतिकारी चळवळींचा तो इतिहास मुंबई इलाख्यापासून, थेट गणपती आणि शिवाजी उत्सवांपासून सुरू होतो, आणि त्यात चापेकरांचे श्लोक इंग्रजी भाषांतरात छापलेले आहेत. नाशिकच्या खटल्यातल्या निकालाचा उताराही आहे. म्हणायला बंदी असलेला मजकूर सरकारी छापखान्याने जपून ठेवला आणि जगभर पाठवला. ॲक्वर्थ यांनी प्रेमाने जे केले ते रौलट यांनी भीतीने केले.

इथवर गोष्ट सोपी वाटेल: परके सरकार, स्वातंत्र्याचे गाणे, अन्यायी बंदी. मला ती इथे थांबवता येत नाही, कारण त्या मेळ्यांच्या गाण्यांना दुसरेही एक तोंड होते. १८९३ च्या मुंबईच्या दंग्यानंतर पुण्याच्या गणेशोत्सवात जे मेळे निघाले त्यांतल्या काही पदांनी हिंदूंना सांगितले की मोहरमला जाऊ नका, ताबुतांपुढे नाचू नका. त्याआधी गावोगाव हिंदू ताबुतांत मिसळत, नवस बोलत. गाण्याने ते थांबवले. त्याला कुणाचे पोट फाडावे लागले नाही; नुसते ‘ते’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द पुरले. १८९४ मध्ये पुण्यात दंगाही झाला. खानाचा पोवाडा अशा हवेत म्हटला की ऐकणाऱ्याच्या मनात खानाच्या जागी इंग्रज उभा राहीलच असे नाही. शेजारच्या आळीतला माणूसही उभा राहू शकतो.

आमच्या किनाऱ्यावर हा प्रश्न पुस्तकी नाही. मुरूड, म्हसळे, श्रीवर्धन, आणि आत महाडपर्यंत, मुसलमान वस्ती पिढ्यान्‌पिढ्या शेजारी आहे. त्यांच्या घरात बोलतात ती कोकणीही खाडीच्या पाण्यातलीच. एकाच बाजारात मासळी, एकाच एसटीत प्रवास. शिवजयंतीला कर्णे लागतात तेव्हा पोवाडा दोन्ही आळ्यांत ऐकू जातो. बहुतेक वेळा काही होत नाही. लोक ऐकतात, काही ताल धरतात. पण मिरवणूक विशिष्ट जागी थांबवून, कर्ण्याचे तोंड विशिष्ट घरांकडे वळवून, खान मेल्याची ओळ तीनतीनदा वाजवलेलीही मी पाहिली आहे. त्या क्षणी ती ओळ अज्ञानदासाची राहत नाही. ती वाजवणाऱ्याची होते.

म्हणूनच मला बंदीवाल्यांचे म्हणणे पटत नाही, आणि ‘गाणे जुने आहे, त्यात काय एवढे’ म्हणणाऱ्यांचेही पटत नाही. अज्ञानदासावर बंदी घातली तर त्या मिरवणुकीतला माणूस दुसरे गाणे शोधेल, आणि १९१० नंतर जे झाले तेच होईल: पोवाड्याला हुतात्म्याचे तेज चढेल आणि तो ज्याच्यावर रोखला आहे त्याच्या वाट्याला अधिक द्वेष येईल. उलट कर्ण्याचे तोंड कुणाकडे वळवले, कुठे, कशासाठी, हे पाहणे गावाला, पंचायतीला, पोलिसांना सहज जमण्यासारखे आहे. चंदावरकरांनी पदांच्या नावांमागचा रोख पाहिला तो बरोबर पाहिला. चूक पुढे झाली: रोख धरणाऱ्याच्या कृतीऐवजी कायदा पदांच्या मागे लागला, आणि लागला तो कायमचा. शब्दाला दंड देण्याची ती सवय आपल्याला इंग्रजांकडून मिळाली आहे. पोवाड्याच्या जन्मकाळी ती या मुलखात नव्हती.

पोवाड्याच्या जन्मकाळाकडे नीट पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. प्रतापगडाखाली खानाचा वकील होता कृष्णाजी भास्कर कुलकर्णी, ब्राह्मण. तो त्या दिवशी महाराजांच्या हातून मारला गेला. खानाची कबर गडाच्या पायथ्याशी बांधली गेली. म्हणजे त्या दिवशी तिथे जमलेल्यांना लढाई दोन सत्तांची आहे हे नीट ठाऊक होते, आणि मेलेल्या शत्रूला माती देणे हेही.

त्या दिवसाला वीस वर्षे होत असताना लढाई आमच्या किनाऱ्यावर आली. १६७९ च्या पावसाळ्यात महाराजांचे लोक थळसमोरच्या खांदेरी बेटावर उतरले आणि तट बांधू लागले. मुंबईच्या इंग्रजांना ते सोसणारे नव्हते. बंदराच्या तोंडावर मराठ्यांचा किल्ला म्हणजे गळ्यावर हात. त्यांनी जहाजे पाठवून बेटाची नाकेबंदी केली. बेटावर मायनाक भंडारी होता, चिरा आणि चुना मिळेल तसा तट उभा करत. किनाऱ्यावरून रसद पोचवणाऱ्या आरमाराचा सरदार होता दौलतखान. १८ ऑक्टोबरला त्याची गलबते इंग्रजांवर चालून गेली आणि त्यांचे ‘डव्ह’ नावाचे जहाज मराठ्यांनी धरले. वारा पडला की मोठी जहाजे जागच्या जागी अडकत, आणि वल्ह्यांनी चालणारी लहान गलबते त्यांच्या बगलेतून रात्रीच्या अंधारात बेटाला धान्य आणि दारूगोळा पोचवत. पुढच्या जानेवारीत इंग्रजांनी वेढा उठवला. खांदेरी राहिली. २०२५ च्या जुलैत रायगड आणि प्रतापगडाबरोबर तिचेही नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले.

या लढाईत पोवाड्याला हवे ते सगळे आहे: अंधार, भरती-ओहोटी, उपाशी बेट, भंडाऱ्याची जिद्द, खानाचे धाडस, धरलेले जहाज, आणि हो, रक्तही. उमरठ्याला तानाजींच्या पुण्यतिथीला शाहीर येतात. अलिबागला, मुरूडला शिवजयंतीला येतात. डफ तापवून, घसा साफ करून ते खानाचा वध म्हणतात, सिंहगड म्हणतात, आणि ते म्हणावेत. पण दौलतखानाच्या नावाचा पोवाडा आमच्या किनाऱ्यावर मी आजवर ऐकलेला नाही. या मुलखात अजून चांगले शाहीर आहेत. त्यांच्यापैकी कुणी तो रचावा, आणि पुढच्या शिवजयंतीला थळच्या वाळूवर, समोर खांदेरी दिसते तिथे, आधी तो म्हणावा आणि मग तुळशीदासाला हात घालावा, अशी माझी फार इच्छा आहे.